जिऱ्याहून लहान माशी

हत्ती, ताजमहाल आणि कलेक्टरसाहेब या तीन गोष्टी आमच्या दाजींनी जन्मात पाहिल्या नसत्या, तरी त्यांचं काहीही अडलं नसतं. जे नुसत्या डोळ्यांना दिसतं त्यात पाहण्यासारखं काही नसतं, असं त्यांचं ठाम मत होतं. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, नेवाशाच्या शाळेत शास्त्र शिकवणारे मास्तर. वर्गात एखादी माशी शिरली की त्या दिवसाचा धडा संपला म्हणून समजावं. कोटाच्या खिशात कायम एक भिंग असायचं आणि जेवताना ते पानाच्या डाव्या अंगाला, मिठाच्या शेजारी, मांडलेलं असायचं. साखरेतली मुंगी काढून टाकण्याआधी ते तिची चौकशी करत. भातात खडा लागला तर कुरकुरत, पण किडा निघाला तर अक्काला हाक मारून कौतुकानं दाखवत, आणि तिला त्याचं कौतुक वाटत नाही याचं त्यांना दरवेळी नव्यानं नवल वाटे. माझ्या एका चुलतबहिणीच्या लग्नात मंगलाष्टकं चालू असताना सगळ्यांनी अक्षता टाकल्या, दाजी मात्र मूठ उजेडाकडे धरून उभेच. वधूपित्याला वाटलं, पाहुणे तांदळाची प्रत पाहताहेत. तो हळूच म्हणाला, "मास्तर, तांदूळ घरचे आहेत." दाजी म्हणाले, "हो, किडाही घरचाच दिसतोय."

लढाई संपल्याला वर्ष झालं असेल नसेल. त्या भाद्रपदात बाजरीवर लष्करी अळी आली आणि तिच्यापाठोपाठ पाहणीला एक साहेब आले. साहेबांबरोबर दोन पट्टेवाले, एक खुर्ची आणि ती खुर्ची वाहणारा एक माणूस एवढा लवाजमा होता. अळीजवळ पानावर कापसासारखे पांढरे पुंजके दिसत होते. साहेबांनी खुर्चीतूनच निदान केलं, की ही अळीची अंडी. बाजरीच्या ज्या ताटांवर हे पुंजके असतील ती उपटून जाळावीत, आणि तशी दवंडी पुढच्या बाजारच्या दिवशी पिटावी. पहिला मान गेणूबाच्या रानाला मिळणार होता, कारण ते रस्त्याकडेला होतं आणि खुर्ची तिथवरच जात होती.

गेणूबा म्हणजे दाजींना कधीमधी ताज्या शेंगा आणि नेहमी ताजे किडे आणून देणारा शेतकरी. त्याच्या निम्म्याअधिक बाजरीवर ते पुंजके होते. दाजींनी साहेबांना सांगून पाहिलं, की ही अळीची अंडी नव्हेत. एक जिऱ्याहून लहान माशी अळीच्या पोटात अंडी घालते, तिची पिलं अळीला आतून खाऊन बाहेर येतात आणि हे कोष विणतात. हे जाळणं म्हणजे चोर सोडून पोलीस फासावर देणं. त्यांनी भिंगही पुढे केलं. साहेब म्हणाले, "वाकून पाहिलेलं अहवालात लिहिता येत नाही, मास्तर. कागदावर दाखवा."

बाजाराला आठ दिवस होते. दाजींकडे एका पाद्रीसाहेबांनी विलायतेला परतताना दिलेला, लोहारासारखा भाता असलेला, काचेवर फोटो उमटवणारा कॅमेरा होता. पण किड्याच्या जितकं जवळ जावं तितका भाता लांब ओढावा लागे, आणि भाता जितका लांब तितका आत उजेड कमी. शिवाय कोषातून बाहेर पडणारी माशी काही फोटोसाठी श्वास रोखून बसत नाही. मी तेव्हा नगरला एका वकिलांकडे कारकुनी करत होतो आणि छावणीतलं मोडीत निघालेलं लढाईचं सामान लिलावात विकलं जात होतं. दाजींचं कार्ड आलं: "लखकन पेटणारा दिवा मिळाल्यास तत्काळ घेऊन येणे. सर्व क्षेम. अळी थांबणार नाही." मी एका दांड्यावर बसवलेली चकचकीत ताटली आणि लिंबाएवढ्या नऊ दिव्यांची पेटी घेऊन नेवाशाला पोचलो. हे दिवे एकदाच पेटत आणि पेटले की मेले.

ताटली एका मुलखातली, दिवे दुसऱ्या, कॅमेरा तिसऱ्या. दिव्याचं बूड ताटलीच्या भोकात बसेना, बसलं तर हलायचं. अक्का दारातून म्हणाली, "पत्रिका न बघता आणलेली सून आहे ती." मग चहाच्या पुड्यातली चांदी दाजींनी दिव्याच्या बुडाला गुंडाळली आणि सून नांदू लागली. ती नीट बसली का पाहताना माझा अंगठा दांड्यावरच्या बटणावर होता, त्यामुळे पहिला दिवा माझ्या नाकासमोर खर्ची पडला आणि तासभर मला अक्काच्या जागी एक हिरवा गोळा दिसत होता.

कौलारू घरातली धान्याची खोली त्यातल्या त्यात अंधारी, म्हणून तिथं कॅमेरा लावला. गेणूबानं कोष असलेलं पान तांब्यात खोवून आणलं. पहिल्या फोटोत कॅमेऱ्याच्या लांबलचक भात्याची सावली पडली आणि माशी त्या सावलीत गडप झाली. दिवा बाजूला नेला, तर दुसऱ्या फोटोत कोष इतके पांढरे, की फोटो काढलाय की नुसता चुना लावलाय ते कळेना. त्यावर अक्कानं श्रीखंडाचा चक्का बांधायचं मलमलीचं फडकं ताटलीवर ताणून बांधलं. उजेड गाळून घेण्याची ही कल्पना कुठल्याही पुस्तकात नव्हती. दाजींनी पुस्तकाच्या समासात ती लिहून ठेवली.

खरी अडचण पुढेच होती. कॅमेऱ्याची तार दाबली की भिंगाची पापणी क्षणभर उघडे. दिवा मात्र बटण दाबल्यावर अंमळ विचार करून पेटे, आणि तोवर पापणी मिटलेली असे. पहिल्या दोन वेळी दोघांची गाठ पडली ती नशिबानं, आणि दाजी त्या नशिबाला पद्धत समजले होते. मग ठरलं, की मी तार धरायची, दाजींनी बटण, आणि मोजायचं एक, दोन, साडेमाडे तीन. मी 'तीन'च्या 'ती'ला दाबलं, दाजींनी 'न'ला. काच कोरी. दुसऱ्यांदा दाजींनी 'साडे'ला दाबलं, मी 'माडे'ला. काच कोरी. मग त्यांनी कॅमेऱ्यावरची चकती फिरवली. आता तार दाबून धरली तोवर पापणी उघडी राही आणि सोडली की मिटे. त्या वेळी मी घाबरून आधीच सोडली. शेवटी कंबर कसून इतका वेळ धरली, की कौलांच्या फटींतून येणाऱ्या उजेडानं काचेवर माशीऐवजी तिचं भूत उमटलं.

"तू सोडतोस केव्हा?" दाजींनी विचारलं.

"उजेड पडला की."

"उजेड पडलेला दिसतो तुला?"

खरं सांगायचं तर दिसत नव्हता. लखलखाटाच्या भीतीनं मी 'साडेमाडे'लाच डोळे मिटून घेत होतो. आणि मोठ्या तोऱ्यानं विचारणारे दाजीही मिटतच होते, हे अक्कानं दारातून पाहिलं होतं आणि तिनं ते लगेच सांगितलं.

दिवे दोन उरले होते आणि दुसऱ्या दिवशी बाजार होता. गेणूबा इतका वेळ पोत्यांना टेकून उभा होता. म्हणाला, "मास्तर, मी धरू का ती तार? माझंच रान हाय."

दाजींनी त्याच्या दोन्ही हातांत तार दिली आणि दाबून धरायला सांगितलं. "सोडायची केव्हा ते मी ओरडून सांगेन." तेवढ्यात एका कोषाचं टोपण उचललं गेलं आणि दोन केसांएवढ्या मिशा बाहेर आल्या. दाजी मोजायचंही विसरले. गेणूबानं तार दाबली, दिवा लखकन पेटला आणि दाजी ओरडणार तोच तार जमिनीवर लोंबत होती. गेणूबा दोन्ही हात जोडून उभा होता.

"अरे, सोडलीस का?" दाजी कळवळले.

"आता दिवा लागला तर हात जोडाया नगं का? न्हाई जोडलं तर घरची म्हातारी लई बोलती."

कंदिलाला लाल कापड गुंडाळून दाजी काच धुवायला बसले, आम्ही तिघं बाहेर. बऱ्याच वेळानं त्यांनी मला आत बोलावलं. काचेवर कोषांचे धागे मोजता येत होते, आणि मधल्या कोषातून एक माशी कमरेपर्यंत बाहेर आलेली होती, सहा पाय, दोन मिशा, सगळं जिथल्या तिथं. शेजारी अळीचं वाळलेलं कातडंही होतं. आम्ही शिकलेले दोघं आकड्यावर विसंबून होतो. गेणूबाचे हात उजेड दिसल्यावर सुटले, पाव क्षण आधी नाही आणि पाव क्षण मागाहून नाही.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी फोटो पाहिला, उलटा धरून. दाजींनी तो सरळ करून दिला. मग "ही शक्यता आमच्या ध्यानात होतीच" असं म्हणून साहेबांनी फोटो अहवालाला जोडण्यासाठी ठेवून घेतला. बाजारात दवंडी झाली ती अशी, की पांढऱ्या पुंजक्यांना कोणी हात लावू नये. दाजींचं नाव कुठंच नव्हतं. मला त्याचा राग आला. दाजींना फक्त एवढंच वाटलं, की दवंडीवाल्यानं 'माशी' म्हणताना आवाज जरा जास्त चढवायला हवा होता.

नगरला परतण्याआधी मी त्यांच्याबरोबर गेणूबाच्या रानात गेलो. सकाळचं ऊन होतं, बाजरी उभी होती आणि बहुतेक कोष रिकामे झाले होते. प्रत्येकाचं टोपण डब्याच्या झाकणासारखं एका बाजूला उघडं. ऊन तिरपं आलं की पानांवरून धुळीसारखं काहीतरी उठे आणि पुढच्या ओळीवर जाऊन बसे. दाजी बांधावर बसले होते. भिंग खिशातच होतं.

"मास्तर, जगती किती ही माशी?" गेणूबानं विचारलं.

"चार दिवस. फार तर आठ."

गेणूबानं थोडा विचार केला. "एवढ्यात समदं रान बघून हुतंय व्हय तिचं?"

दाजींना किड्यांविषयी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर आलं नाही, असं मी तेव्हा एकदाच पाहिलं. पुढं बऱ्याच वर्षांनी, आजारपणात, त्यांनी मला जवळ बोलावून विचारलं, "त्या दिवशी रानात किती वेळ होतो रे आपण?" तासभर असू, मी म्हणालो. "अजून थोडं बसायला हवं होतं," ते म्हणाले.