पांढरीतला तिसरा खड्डा

निमगाव सावातलं आमचं नवं घर पांढरीवर बांधायचं ठरलं. पांढरी म्हणजे जुन्या वस्तीची जागा. तिथली राखेसारखी माती पिकाला मानवते, म्हणून लोक ती पिढ्यान्‌पिढ्या वावरात नेत आलेत. पाया खणताना काळपट मातीने भरलेले गोल खड्डे लागले, तेव्हा नवल कुणालाच वाटलं नाही. दोन खड्ड्यांतली माती खापरांसकट कांद्याच्या वाफ्यांत गेली.

तिसऱ्याला मी आडवी आले. शाळेत मुलांना उत्खननाचे धडे द्यायचे आणि दारातलं कांद्याला घालायचं, हे मला मुळीच पटेना. मी पुण्याला उत्खनन करणाऱ्यांना फोन लावला आणि गवंड्याला बजावलं, ते येईपर्यंत इथे फावडं लावायचं नाही.

सासूबाईंचा, म्हणजे आमच्या आत्यांचा, पारा चढला.

"घर बांधायचंय का खड्डं पुजायचेत? सैपाकघराची भिंत तिथनंच जाती."

"ते बघून जाऊ द्या, आत्या. मग बुजवा."

"लई शिकलीस!"

शिकले होतेच. शाळेतून आले की मेथीची जुडी घेऊन खड्ड्याच्या काठावर निवडत बसायची. आत्या समोरून डोळे वटारायच्या. हट्टात आम्ही दोघी एकीला झाकावी नि दुसरीला काढावी अशा.

शेवटी पुण्याहून दोघे जण आले. ब्रशने माती सारता सारता तोंडाला तोंड लावून आडव्या ठेवलेल्या दोन मडक्या दिसल्या. आत काड्यांसारखी बारीक हाडं होती.

"तान्हं मूल आहे," त्यांतला एक म्हणाला. "तेव्हा घरातच, जमिनीखाली पुरायचे."

तान्ह्या लेकराला आम्हीही जाळत नाही, पुरतो. आत्यांचं पहिलं मूल बारशाआधीच गेलं होतं. ते बांधाकडेला आहे, याहून जास्त त्या कधी बोलल्या नव्हत्या.

"भिंत सरकवा," त्या गवंड्याला म्हणाल्या.

"आवं, पाया खणलाय."

"खणला तर बुजव!"

मी जिंकले होते, पण आत्या तिथे थांबल्याच नाहीत. तडक कांद्याच्या वावरात गेल्या आणि ओटीत खापरं वेचून घेऊन आल्या.

"यातबी कुणाचं लेकरू व्हतं का, इचार त्यांना."

मी विचारलं. आता सांगता येणार नाही, म्हणाले.

त्यानंतर आत्या त्या वावरात पायात वहाणा घालून कधीच गेल्या नाहीत.