धागा तुटल्याची खूण

एम.ए.च्या शेवटच्या सत्रात मार्गदर्शक सरांनी कापडाच्या लूमवर काम करणाऱ्यांबद्दलचा माझा लघुप्रबंध परत केला. शेवटच्या प्रकरणाच्या समासात लाल शाईनं लिहिलं होतं, ‘हे कोणाबद्दल आहे तेच कळत नाही.’ पंधरा दिवसांत सुधारून दिला नाही तर वर्ष बुडणार होतं. राग तसा माझ्या नाकावरच असतो. त्या दिवशी मी कॅन्टीनमधल्या समोशावरही चिडले.

सरांनी मला ग्रंथालयाच्या वरच्या मजल्यावरच्या लेखन-साहाय्य केंद्रात धाडलं. तिथे विद्यार्थ्यांना अभ्यासाचं वाचायला-लिहायला फुकट शिकवतात, याचा दोन वर्षांत मला पत्ता नव्हता. मला वाटलं, तिथल्या बाई माझं इंग्रजी सुधारून हातात देतील. बाईंनी पेनाला हातच लावला नाही. पहिलं पान वाचून गुजरातीत म्हणाल्या, “बेन, आमां तमे कहेवा शुं मागो छो?” यात मला म्हणायचंय काय, तेच मला सांगता येईना. मग त्यांनी उपाय दिला: हा विषय न शिकलेल्या घरच्या माणसाला एकेक परिच्छेद घरच्या बोलीत सांगायचा, आणि तो जिथे अडेल तिथे पेन्सिलनं खूण करायची. एवढंच ऐकायला मी तीन जिने चढले होते!

घर उधन्यात, लूमवाल्यांच्या वस्तीत. आईचा उपयोग नव्हता. मी वाण्याची यादी वाचली तरी ती “भारी लिखं” म्हणते. उरले माझे वडील, आप्पा. त्यांचा सगळा जन्म लूमवर गेला. लूमच्या खडखडाटात बोललेलं ऐकू येत नाही, म्हणून तिथे माणसं हातांनी बोलतात. चहा आला, शेठ आला, धागा तुटला, सगळ्याला खुणा.

सुट्टीच्या दुपारी मी सुरुवात केली. पाच ओळींचं इंग्रजी वाक्य अहिराणीत ओरडून सांगायचं. ओरडून, कारण आप्पांशी आम्ही सगळे ओरडूनच बोलतो. तिसऱ्या ओळीला त्यांनी दोन्ही हातांच्या चिमट्या जुळवल्या आणि फटकन दूर ओढल्या. धागा तुटला. पहिल्या पानावर तो अकरा वेळा तुटला.

“आते काय व्हयनं?” मी खेकसले.

“ते तूच सांग. कोन काय करी ऱ्हायना, काहीच समजत नही.”

मी मुकाट्यानं वाक्यं तोडली. पुस्तकांतून उचललेले जड शब्द काढून टाकले. चार दिवसांत चिमट्या पानाला दोन-तीनवर आल्या आणि मी घरभर मिरवू लागले. केंद्रातल्या बाईंबद्दलचा राग कुठल्या कुठे गेला होता.

शेवटचं प्रकरण मात्र मी टाळत होते. आधीची प्रकरणं गाव सोडण्याची, भाड्याच्या खोल्यांची, पाळ्यांची होती. हे होतं लूमवाल्यांचं ऐकणं कमी होत जातं त्याबद्दल. तुम्हाला कमी ऐकू येतं असं म्हटलं की आप्पा दोन दिवस कुणाशी बोलत नाहीत. ते दुखावतील या भीतीनं मी त्या प्रकरणात माणूसच ठेवला नव्हता. सरांना कळणार तरी कसं? एका सकाळी मी ते पहिल्यापासून लिहिलं आणि जीव मुठीत धरून त्यांच्यासमोर बसून वाचू लागले.

कामगाराला आपलं ऐकणं कमी झाल्याचं कळत नाही. घरचे मोठ्यानं बोलू लागतात. त्याला वाटतं, बाकीचे सगळे पुटपुटायला लागले.

चिमटी आली नाही. पान संपलं तरी त्यांचे हात मांडीवरच होते. आईनं कुकरखालचा गॅस बंद केला. मला वाटलं, संपलं सगळं, आता हे माझ्याशी बोलणार नाहीत.

“हाऊ मानूस कोन शे?” आप्पांनी विचारलं.

“तुम्ही,” मी पुटपुटले.

“काय?”

“तुम्ही!” मी ओरडले. शेजारची काकू दारात आली.

आप्पांनी माझ्या कागदाकडे पाहिलं.

“मले चांगलं ऐकाले येस,” ते म्हणाले. मग चटई ओढून माझ्याजवळ सरकले. “परत वाच. जरा जोरमा.”