‘येतो’ म्हणून मिळालेलं घर

माझे भाऊजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, कवळ्या बनवतात. दिवसभर मेणात एकेक दात बसवायचा, घासायचा, चमकवायचा. कितीतरी लोकांना त्यांनी बोलतं केलं, स्वतः मात्र एक शब्द काढायचा तर आधी दोनदा गिळतात. मी या देशात आधीपासून होते, म्हणून इथे नोकरी लागल्यावर ते माझ्याकडे उतरले आणि माझ्या सोफ्यावर झोपू लागले. ताई तिकडे माहेरी अडून बसलेली. "स्वतःचं दार असेल तर येईन. धाकट्या बहिणीकडे नवऱ्यासकट पाहुणी म्हणून राहायचं नाही मला," असं तिनं फोनवर बजावलं होतं. दात आहेत तर चणे नाहीत, ही म्हण कवळीवाल्यालाच लागू पडावी, याचं मला हसू यायचं.

हसू फार टिकलं नाही. घर पाहावं बांधून म्हणतात; परदेशात ते नुसतं भाड्यानं मागून पाहावं. फोनवर नाव सांगितलं की घर नेमकं कालच गेलेलं असे. एकानं विचारलं, आधीचा घरमालक कोण? भाऊजी म्हणाले, "मेहुणी." झालं, तिथेच बोलणं संपलं. संध्याकाळी दमून आले की बूटसुद्धा माझी माफी मागितल्यासारखे काढायचे. मला त्यांची कीव यायची आणि रागही यायचा, कारण सोफा माझा होता.

मग एका म्हातारीच्या घराचा वरचा मजला पाहायला मी त्यांच्याबरोबर गेले. दोन खोल्या, भिंतींना ओल, स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसायची ती शेजारची भिंत. बोलताना म्हातारीची कवळी टकटक वाजत होती आणि भाऊजींचं निम्मं लक्ष तिकडेच. घर त्यांना पसंत नव्हतं, पण तोंडावर नाही कसं म्हणायचं? जिना उतरताना त्यांनी हात जोडले आणि तिच्या भाषेत सांगितलं, "येतो." आपण निघताना म्हणतो तसंच, शब्दाला शब्द.

म्हातारीनं ते खरं मानलं. का मानू नये? काही आठवड्यांनी दलालाचा मला फोन आला. बाई चिडल्यात, येतो म्हणून गेलेला माणूस कुठे आहे, त्याच्यासाठी त्यांनी दोन कुटुंबं परत पाठवलीत. मी पोट धरून हसले. भाऊजी मात्र खाली मान घालून म्हणाले, "शब्द गेलाय माझा. आता जायलाच हवं." तोवर दुसरं कुणी त्यांना दारात उभं करत नव्हतं, हेही खरंच.

त्यांनी भिंती खरवडून रंगवल्या. एक जुनं कपाट आम्ही दोघांनी जिन्यातून वर चढवलं, त्यात माझं एक नख गेलं. ओट्यावरची फळी त्यांनी इतकी खाली ठोकली की त्यांचंच कपाळ तिच्यावर आपटायचं. ताई बुटकी आहे, एवढंच त्याचं कारण.

ताई आली. आल्या आल्या तिनं दार दोनदा उघडून लावून पाहिलं आणि लाजून हसली. त्या दिवशी भाऊजी इतकं बोलले की मला माणूस बदलला की काय असं वाटलं. पण थंडी पडली आणि ओल रंगातून वर आली. कपडे वाळेनात, ताईचा खोकला थांबेना. भाऊजी उजाडायच्या आत जायचे, अंधार पडल्यावर यायचे. ताईला इथली भाषा येत नाही, त्यामुळे म्हातारीशी नुसतं हसायचं. "दार माझं आहे गं," ती मला म्हणाली, "पण दारावर कुणी येत नाही." सवय होईल, असं मी म्हणत राहिले. दुसरं काय म्हणणार?

शेवटी खोकला बरा होईस्तोवर माहेरी जायचं ठरलं. खाली टॅक्सी उभी होती. म्हातारी दारात आली. भाऊजींनी तिला आपल्या त्या चुकीची गोष्ट सांगितली होती, तेवढा एक मराठी शब्द तिनं पाठ केला होता. ताईचा हात धरून तिनं विचारलं, "येतो?"

ताईनं हात सोडवून घेतला. "जाते," ती म्हणाली.

आमच्या घरात निघताना असं कुणी म्हणत नाही. लहानपणी चुकून तोंडून निघालं तर आई परत आत बोलवायची, पाणी द्यायची, 'येते' म्हणायला लावायची आणि मगच सोडायची. भाऊजी तिला टोकतील म्हणून मी वाट पाहिली. त्यांनी बॅग उचलली आणि जिना उतरू लागले. मला रडू आलं.

त्याला आता वर्ष होत आलं. ताईचा खोकला कधीच गेला; येण्याचा विषय निघाला की ती फोन आईकडे देते. परवा मी भाऊजींकडे गेले. त्यांनी चहा केला. डबा काढताना फळी कपाळाला लागलीच.

"ती फळी आता वर घ्या ना," मी चिडून म्हटलं.

कपाळ चोळत ते म्हणाले, "मग तिचा हात कसा पुरेल?"