हरवलेला अ

"मर! कॉफी!"

इथे परदेशात, ग्लेन वेव्हर्लीत, माझी सकाळ कुंपणापलीकडच्या या हाकेने उजाडायची. शेजारचे ग्रीक गृहस्थ, अंगात बनियन, एका हातात टोमॅटोला पाणी घालायची नळी, दुसऱ्या हातात माझ्यासाठी भरलेला कप. माझं नाव अमर. त्यांनी पहिल्याच दिवशी त्यातला अ छाटला. लाडाने नावं छाटणारा असा शेजारी तुम्हालाही भेटला असेल.

पुण्याहून आलेली आई हादरलीच. "हा मेला सकाळी सकाळी तुला मर काय म्हणतो?"

"आई, लाडाने म्हणतो."

"मग सांग ना त्याला अर्थ!"

नाही सांगितला. असलं काही बोलणं मला जमतच नाही. एवढा प्रेमळ माणूस माझ्या गप्प बसण्यामुळे रोज अभद्र बोलतोय, ही टोचणी मी वर्षानुवर्षं कॉफीबरोबर गिळत राहिलो.

मग त्यांना नातू झाला. पहिल्या नातवाला आजोबांचं नाव, ही त्यांच्याकडची रीत. आजोबांचं नाव अथानासिओस. मुलगा म्हणाला, "डॅड, शाळेत हाल होतील त्याचे. पोरं तोडूनमोडून टाकतील नाव." त्या दिवसापासून हाक बंद झाली. टोमॅटो माना टाकायला लागले.

न राहवून मीच कुंपणाशी गेलो. बापलेक अंगणात तोंडं फिरवून बसलेले. काय बोलावं सुचेना, म्हणून खरं तेच बोललो. "तुम्ही मला मर म्हणता ना, आमच्या भाषेत त्याचा अर्थ 'मरून जा'. अमर म्हणजे न मरणारा."

म्हातारबा आ वासून बघत राहिले. मग खुर्चीतून पडतील इतके हसले.

"अरे, अथानासिओस म्हणजेही तेच! थानातोस म्हणजे मृत्यू, अ म्हणजे नाही. आणि घरचे मला हाक मारतात थानासी! माझा अ तर लहानपणीच गेला, मेट. तरी बघ, अजून आहे!"

मुलालाही हसू आवरेना. "ओके डॅड," तो डोळे पुसत म्हणाला, "ठेवू या तुझंच."

"उद्यापासून तुझं पूर्ण नाव घेईन," त्यांनी मला छातीवर हात ठेवून वचन दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी: "मर! कॉफी!"

गेल्या हिवाळ्यात ते गेले. नातवाला चाइल्डकेअरमध्ये ॲथी म्हणतात. मागचं मरण तेवढं छाटलं गेलं. अ मात्र, डोक्यावर चंद्र घेऊन का होईना, शाबूत आहे.

मला आता सगळे नीट अमर म्हणतात. तरी रोज सकाळी कप घेऊन कुंपणाशी उभा राहतो. मर म्हणणारं कुणी नाही.