तळपायाचा तीळ

मानेवर लिंबाएवढी गाठ आली तेव्हा मी घर डोक्यावर घेतलं. बायको आनंदनगरच्या कंपनीत सुट्टी टाकून मला डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टरांनी गाठ बोटाने हलवून पाहिली. "मऊ आहे, सरकते. चरबीची गाठ. कॅन्सर नाही."

जीव भांड्यात पडल्यावर मी घरातला रोजचा विनोद तिथेही केला. "हिच्या तळपायावर पन्नाशीत तीळ उगवलाय, वाढतोय पण. परदेशवारी पक्की!"

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी तिला चप्पल काढायला लावली. तिळाची कड वेडीवाकडी होती, रंग कुठे काळा, कुठे तपकिरी. "याचा तुकडा तपासायला लागेल, लगेच."

मला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली. रिक्षात ती माझ्याच मानेवरून हात फिरवत म्हणाली, "तुमचं काही निघालं नाही, सुटले बाई मी."