चुलीवर जपलेला आवाज

वाग्देवीला आणि अन्नरूपिणी कणसरीमातेला हात जोडून लिहायला बसतो आहे. आज लक्ष्मण गुरुजींचे वर्षश्राद्ध. वांगणीला त्यांच्या घरी पान वाढले जाईल. तो रस्ता आता माझ्या पायांना झेपत नाही, म्हणून जव्हारलाच बसून हे शब्दांचे तर्पण करतो.

गुरुजींना एक सवय होती. कोणी काही सांगू लागले की प्रत्येक वाक्याला ते गंभीरपणे ‘हं’ म्हणत. मोखाड्याच्या शिक्षकसभेत साहेबांच्या भाषणालाही म्हणत. एकदा साहेब चिडून म्हणाले, “गुरुजी, मी गोष्ट सांगत नाही.” गुरुजी शांतपणे उत्तरले, “मना वाटलं गोष्टच हाय. शाळेला छप्पर देणार बोललात ना.” सभा हसली, साहेब हसले नाहीत.

ही सवय त्यांच्या घरची. त्यांचे वडील, ज्यांना सारे आबा म्हणत, कणसरीची कथा लावत. नवे धान्य खळ्यावर आले की पितळी थाळीवर मेणाने काडी उभी करायची, तिच्यावरून बोटे ओढून घुमणारा सूर काढायचा आणि त्या सुरावर धान्यदेवीची कथा सांगायची. समोरच्याने हुंकार द्यायचा. अक्षर नाही, पोथी नाही. मी पाठशाळेत गुरूंच्या मुखातून जसा वेद उचलला, तशीच ही विद्या मुखातून मुखात जाणारी. आबांना ती सबंध येत होती. पंचक्रोशीत दुसऱ्या कोणाला येत नव्हती.

शहरातली काही मंडळी एकदा आली. त्यांनी आबांना बसवून सगळी कथा ध्वनिमुद्रित केली आणि जाताना तळहातावर मावेल अशी एक चपटी पेटी गुरुजींच्या हाती दिली. संगणकाच्या अशा साठवणपेटीला एसएसडी म्हणतात, हे मला पुढे कळले. गुरुजींनी विचारले होते, “ही जपू कशी?” उत्तर आले, “कोरड्या जागी ठेवा, बस्स.”

आमच्या डोंगरात पावसाळ्यात घरातली सर्वांत कोरडी जागा एकच असते, चुलीवरचे शिंकाळे. तिथे भाताचे आणि नागलीचे बियाणे ठेवतात. धुराने कीड लागत नाही, उबेने ओल चढत नाही. गुरुजींनी ती पेटी पानांत गुंडाळून बियाण्याशेजारी ठेवली. तोवर ते सुट्टीत आबांपुढे बसून कथा शिकत होते. त्यानंतर बसणे थांबले. मी विचारले, तर म्हणाले, “आता घाई नाय, शास्त्रीबुवा. आबाचा गळा घरात हाय.”

काही वर्षांनी आबा गेले. पुढच्या हंगामात खळ्यावर कथा कोण लावणार, असे लोक विचारू लागले, तेव्हा गुरुजींनी पेटी खाली काढली. राहिलेली कथा ऐकून ऐकून पाठ करायची, असे त्यांनी ठरवले होते. पेटी घेऊन ते माझ्याकडे आले. आम्ही त्यांचा जुना विद्यार्थी नीलेश याच्या संगणकाच्या दुकानात गेलो.

नीलेशच्या संगणकाला पुढच्या बाजूने कप्पे होते. यंत्र चालू असतानाच त्यांत पेटी सरकवता येई. त्याने ती सरकवली. कप्प्याचा दिवा लागला नाही. त्याच कप्प्यात त्याने स्वतःची पेटी घातली. ती लगेच दिसली. म्हणजे कप्पा ठीक होता. मग त्याने गुरुजींची पेटी उजेडात धरली.

“गुरुजी, हिच्यावर काजळी कसली?”

“चुलीवर होती. बियाणासंगं.”

नीलेश हसला. “पेरायची होती का?”

“उगवली तर पेरीन. तू पूस आधी.”

त्याने पेटीच्या टोकाचे सोनेरी दाते स्पिरिटने पुसून ती पुन्हा घातली. दिवा लागला. पडद्यावर पेटीचे नाव आले, आबांचे नाव दिलेल्या फायलीही आल्या. गुरुजींनी हात जोडले. पहिली फाईल उघडली. थाळी घुमली, आबांनी घसा साफ केला, आणि आवाज थांबला. पुढची उघडेना, तिच्या पुढचीही नाही. दुसरा कप्पा झाला, वायर बदलून झाली, संगणक बंद करून पुन्हा चालू करून झाला. आता नावेही दिसेनाशी झाली.

गुरुजी म्हणाले, “नीलेश, शाळेत तू असाच होतास. हजेरीला नाव, आत काय नाय.”

या वेळी नीलेश हसला नाही. “गुरुजी, हिच्यात तबकडी नसते. विजेचा इवलासा साठा असतो, त्यावर सगळं टिकतं. मधूनमधून वीज द्यायला लागते. धग लागली तर साठा लवकर उडतो. त्यात ही आधीच वापरून झिजलेली. त्यांनी तुम्हाला जुनी दिली.”

“हं,” गुरुजी म्हणाले.

“मुंबईला पाठवली तर?” मी विचारले.

“कप्पा बिघडला असता, वायर तुटली असती, तर मीच केलं असतं, शास्त्रीबुवा. इथं आतलं लिहिलेलंच पुसलंय.”

शहरातल्या त्या मंडळींना फोन लावला. त्यांचे काम केव्हाच गुंडाळले होते. दुसरी प्रत कुठे आहे हे कोणालाच सांगता येईना. माणसाची आयुष्यभराची वाणी नेली आणि बदल्यात आपल्या टाकाऊतली एक पेटी दिली. वीज दाखवत राहा, एवढे एक वाक्य त्यांना जड झाले. या वयात मनात कडवटपणा ठेवू नये असे शास्त्र सांगते. माझ्याने ते होत नाही.

त्या हंगामात गुरुजी थाळी घेऊन खळ्यावर बसले. मी तेव्हा जीपने गेलो होतो. येत होते तिथवर त्यांनी सुरेख लावले. अपमान झालेली कणसरी रागावून घराबाहेर पडते, उंबरा ओलांडते, डोंगरापलीकडे दिसेनाशी होते. तिथे त्यांची बोटे थांबली.

“पुढचं मना येत नाय,” ते म्हणाले.

समोर बसलेली एक म्हातारी पुढे सरकली. मग म्हणाली, “मंग तिला घरी कोण आणील, बाबा?”

गुरुजींनी थाळी पालथी घातली. पुढचे खळे त्यांनी पाहिले नाही.

वाचकहो, तुमच्या घरी बोलणारी वडीलधारी माणसे शतायुषी होवोत आणि त्यांच्यापुढे ऐकायला बसण्याची बुद्धी देव तुमच्या लेकरांना देवो. आमच्याकडून निघून गेलेली ती माता तुमच्या उंबऱ्याच्या आत सुखाने नांदो.