प्रवाळाला ठिबक

आमच्या जळगावच्या बोअरच्या पाण्यातल्या कॅल्शियमने बादल्या पांढऱ्या होतात आणि गीझरची कॉइल दगड होते. मासे आणि प्रवाळ ठेवलेल्या माझ्या समुद्री टाकीसाठी मी ते पाणी आरओतून गाळते, त्यात मोजून समुद्री मीठ घालते आणि वरून कॅल्शियमची पूड विकत आणून टाकते. सासऱ्यांना, म्हणजे आबांना, हे समजावलं तेव्हा ते बराच वेळ त्या पांढऱ्या बादलीकडेच बघत राहिले.

आबा एरंडोलजवळच्या गावाहून मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आले होते. जन्मभर केळी पिकवलेला माणूस, आता डोळ्यांवर काळा चष्मा आणि हातांना काम नाही. दिवसभर टाकीसमोर बसायचे. प्रवाळ हे दगड नसून जीव आहेत आणि ते पाण्यातलं कॅल्शियम ओढून आपला सांगाडा बांधतात, हे त्यांनी माझ्याकडून तीनदा ऐकून घेतलं.

त्याच आठवड्यात कॅल्शियम उतरलं. क्षारताही उतरली; ती चढवायला सोडा घालतात. प्रवाळांनी अंग चोरलं. कॅल्शियमची पूड आणि सोडा यांच्यामध्ये वेळ जाऊ द्यायचा असतो, हे मला पक्कं ठाऊक होतं. पण ऑफिसची घाई होती. दोन्ही पाठोपाठ ओतलं आणि बघता बघता टाकीचं ताक झालं. मासेसुद्धा दिसेनात. परत मोजलं, तर कॅल्शियम होतं त्याहून खाली. माझं सगळं औषध खडू होऊन तळाशी बसलं होतं.

मला रडूच यायला लागलं. आबा शांतपणे म्हणाले, "एकदम पाट सोडला तू. ठिबक लाव, माय." आणि खिशातून तंबाखूची चुन्याची डबी काढून पुढे केली. चुना पाण्यात कालवायचा, बसू द्यायचा, वरची निवळी थेंब थेंब द्यायची, असं त्यांचं म्हणणं. मी मनात हसले. मग वाचलं, तर चुन्यातून कॅल्शियम आणि क्षारता दोन्ही मिळतात, आणि जगभरचे टाकीवाले नेमकं हेच करत होते.

डबी मी साभार परत केली. त्याचं त्यांना थोडं वाईट वाटलं. शुद्ध चुना प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्याकडून आणला. सलाइनची नळी आबांनी स्वतः बसवली. निवळी फार जहाल, भरभर गेली तर पाण्याचा पीएच एकदम चढतो, एवढं सांगितल्यावर ते रोज पहाटे नळीपाशी बसून थेंब मोजू लागले. डॉक्टरांनी डोळ्यांना ताण देऊ नका म्हणून बजावलं होतं. आबा म्हणाले, मी कानांनी मोजतो.

तीन आठवड्यांत प्रवाळांच्या टोकांना नवी पांढरी वाढ दिसली. टाकीतलं पाणी फिरवणारा पंप मात्र चुन्याने दोनदा अडकला.

आबा आता गावी आहेत. सुनेने दगडांची शेती लावलीय, तीही ठिबकवर, असं पारावर सांगतात. फोन आला की आधी पीएच विचारतात, मग नातवंडांना. नातवंडांची त्यावर रीतसर तक्रार आहे.